नवमीला अडलेला अध्याय

श्रीजगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून, आणि माझ्यासारख्या मंदमतीच्या मुखातही जी शब्द घालते त्या वाग्देवतेस वंदन करून लिहावयास बसलो आहे. आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. घट बसले, पहिली माळ चढली, पोथीचा पहिला अध्यायही वाचून झाला. मागील वर्षी नवमीला जे घडले ते लिहून ठेवावे असे वर्षभर मनात होते. क्रोध शमल्यावर लिहावे असे ठरवले होते. तो पुरता शमलेला नाही, हे देवीसमोर कबूल करतो, आणि तरीही लिहितो.

आमच्या घराण्यात देवीची एक हस्तलिखित, ओवीबद्ध पोथी आहे. तिचे अध्याय नऊ. नवरात्रात रोज एक वाचावयाचा, आणि नवमीला नवव्या अध्यायाच्या शेवटी फलश्रुती. वाचणारा एक आणि ऐकणारा एक, अशी दोन माणसे समोरासमोर बसली तरच ते वाचन, नाही तर नुसते ओठ हलवणे, असे वडील सांगत. ऐकणाऱ्यास एक नियम अधिक: नवमीला फलश्रुती कानी पडेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यावयाचा नाही. वडिलांचा आवाज बसला त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. त्यांनी पोथी माझ्या हाती दिली आणि समोर माझ्या थोरल्या बहिणीस बसवले. तेव्हापासून वाचणारा मी आणि ऐकणारी ती. तिचे लग्न झाले, मला जयपूरच्या संस्कृत महाविद्यालयात नोकरी लागली, पण नवरात्रात दोघेही सांगलीस असू. पुढे माझे गुडघे गेले, तिचे वय पंच्याऐंशीच्या घरात आले, आणि प्रवास थांबला. चार वर्षांपासून हे वाचन संगणकावरून चालते.

दूरध्वनीवरून का नाही, असे कोणी विचारील. माझ्या या बहिणीस, ताईस, ऐकू फार कमी येते. दूरध्वनी कानाशी नेला की श्रवणयंत्र शिट्टी घालू लागते. माझ्या भाच्याने तिच्या खोलीत मोठ्या दूरदर्शन संचावर माझे मुख दिसेल आणि मोठ्या ध्वनिवर्धकातून आवाज येईल अशी सोय केली आहे. ती निम्मे कानांनी आणि निम्मे माझ्या ओठांवरून ऐकते. माझ्याकडे मोबाइल आहे तो बटणांचा. त्यात चित्र दिसत नाही आणि मला ते कधी हवेही वाटले नाही.

लॅपटॉप मात्र आहे. जुना, जड आणि प्रामाणिक. त्यावर पूर्वी जी प्रणाली होती ती दर महिन्याला काहीतरी मागत असे आणि उघडावयास इतका वेळ घेई की तेवढ्यात माझी संध्या होई. महाविद्यालयातील माझा एक जुना शिष्य भेटीस आला असता त्याने ती काढून लिनक्स घातले. तो म्हणाला, "गुरुजी, हे तुमच्या स्वभावाचे आहे. थोडक्यात बोलते आणि खोटे बोलत नाही." ते मला पटले. काळ्या खिडकीत एक लहानशी आज्ञा लिहावी आणि तिने नेमके उत्तर द्यावे, ही रीत सूत्रे घोकलेल्या माणसास परकी वाटत नाही. शिष्याने सांगितलेल्या वीस-बावीस आज्ञा मी वहीत उतरवून घेतल्या, प्रत्येकीखाली तांबड्या शाईने अर्थ लिहिला, आणि त्या वहीस पोथीसारखे फडक्यात बांधून ठेवू लागलो.

खंडेनवमीस आमच्याकडे उपजीविकेच्या साधनांची पूजा होते. ग्रंथ, लेखणी, अडकित्ता, विळी, कात्री. चार वर्षांपासून त्या पंक्तीत लॅपटॉपही असतो. पन्नासाहून अधिक वर्षे जयपुरात राहून येथील एक चाल माझ्या अंगवळणी पडली आहे. येथे पूजेत मोली बांधतात, तांबडा-पिवळा सुती धागा. दुकानदार तराजूस बांधतात, रिक्षावाले हँडलला बांधतात. त्या सकाळी मीही लॅपटॉपला मोली बांधली. झाकण उघडता यावे म्हणून खालच्या अर्ध्या भागाभोवती, मनगट टेकतो तेथून, तीन वेढे घेतले आणि चांगल्या घट्ट तीन गाठी मारल्या. गंध लावले, अक्षता वाहिल्या, झेंडूचे फूल ठेवले. पूजेतील वस्तू वाचनाखेरीज वापरावयाची नाही, तिच्यावर वाहिलेले काहीही उत्तरपूजेआधी काढावयाचे नाही, आणि उत्तरपूजा दशमीस प्रातःकाळी, हा आमचा नियम.

अकरा वाजता पोथी उघडून बसलो. लॅपटॉपवरून भाच्याकडे जोडणी लावू लागलो तो वायरलेस नाही. वरच्या कोपऱ्यात जे पंख्यासारखे चिन्ह असते त्याच्या जागी काहीच नव्हते.

घाबरलो नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. भिंतीवरच्या राउटरचे दिवे पाहिले, सर्व हिरवे. तोही बंद करून, शंभर आकडे मोजून, पुन्हा सुरू केला. मग वही सोडली. पहिल्या आज्ञेस उत्तर आले की वायरलेसचे उपकरण आहे, परंतु उपलब्ध नाही. दुसरी आज्ञा, आर-एफ-किल नावाची, रेडिओलहरी कोठे अडल्या आहेत ते सांगते. तिने दोन ओळी लिहिल्या. सॉफ्ट ब्लॉक, नाही. हार्ड ब्लॉक, होय. वहीत या आज्ञेखाली तांबड्या शाईत मी एवढेच लिहिले होते: 'कोणी अडवले आहे काय, ते कळते.'

आता वाचकांनीच सांगावे, मी काय समजावे? कोणीतरी मला अडवले होते, आणि तेही कठोरपणे. अडवणारे कोण असणार? ज्यांची इंटरनेटची सेवा मी घेतो ती कंपनी. नवमीसारख्या दिवशी, काही न कळवता. माझे मन तेथेच तापू लागले.

कंपनीच्या मदतकेंद्रास दूरध्वनी लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक गृहस्थ आले. मी शांतपणे म्हणालो की आपण माझी जोडणी ब्लॉक केली आहे, ती कृपया मोकळी करावी. ते म्हणाले, तसे काही नाही, त्यांच्या बाजूने सर्व चालू दिसते. मी म्हणालो, माझे यंत्र होय म्हणते. त्यांनी विचारले, कोणते विंडोज आहे? मी म्हणालो, विंडोज नाही, लिनक्स आहे.

त्या एका शब्दासरशी त्या गृहस्थांचा आवाज बदलला.

"सर, वो हम सपोर्ट नहीं करते. घर में कोई बच्चा हो तो उससे बात करवाइए."

घरात कोणी नव्हते. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, आणि घरमालक सहकुटुंब कुलदेवीस गेले होते. पण असते तरी दूरध्वनी त्यांच्या हाती का द्यावा? मी अडतीस वर्षे विद्यार्थ्यांस शिकवले. प्रश्न न ऐकता उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यास मी उभे करून पुन्हा प्रश्न म्हणावयास लावीत असे. त्या गृहस्थांसही म्हणालो की माझा प्रश्न आपण एकदा आपल्या शब्दांत म्हणून दाखवावा. ते म्हणाले, तक्रार नोंदवून घेतो. दहा मिनिटांत माझ्या बटणांच्या मोबाइलवर संदेश आला की माझ्या तक्रारीचे यशस्वी निराकरण झाले आहे.

निराकरण हा किती भारदस्त शब्द आहे. शास्त्रात पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय त्याचे निराकरण करता येत नाही, आणि तो मांडताना प्रतिपक्षालाही 'होय, मला हेच म्हणावयाचे होते' असे वाटले पाहिजे. येथे पूर्वपक्ष कोणी ऐकलाच नव्हता.

तोवर साडेबारा झाले. भाच्याचा दूरध्वनी आला. ताई अकरापासून पाटावर बसली होती, आता खुर्चीत बसवली आहे, पाणी घेत नाही. "मामा, तुम्ही फोनवरच वाचा ना. मी तिच्या कानाशी धरतो." मी वाचावयास आरंभ केला. तीन ओव्या झाल्या असतील, तोच पलीकडून तिचा आवाज आला, मोठा, जसा ऐकू न येणाऱ्यांचा असतो. ती भाच्यास सांगत होती, "ठेव तो. मला त्याचं तोंड दिसत नाही. हे काय ऐकणं आहे का?"

भाच्याने दूरध्वनी दुसऱ्या खोलीत नेऊन हळू सांगितले की तिला साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि अशी उपाशी राहिली तर डॉक्टर त्यालाच बोलतील. मी म्हणालो, पाणी पाज, दोष मी घेतो. तो म्हणाला, "तुम्ही घ्याल हो. ती घेईल का पाणी?"

लॅपटॉप रेशमी वस्त्रात गुंडाळून, फूल-अक्षता न हलतील अशा बेताने मांडीवर धरून, मी रिक्षाने शहराच्या सी-स्कीम भागातील संगणकाच्या एका मोठ्या दुकानात गेलो. मालक पन्नाशीचे, कपाळाला टिळा. मी वस्त्र बाजूस केले. मोली पाहताच त्यांनी पादत्राणे काढली, यंत्रास हात लावून कपाळास नेला. माझे मन निवळले. वाटले, येथे ऐकतील. यंत्र उघडून त्यांनी पडदा पाहिला, आणि तेथेही तेच झाले.

"पंडितजी, ये तो लिनक्स है," ते म्हणाले, जणू रोगाचे नाव सापडले. मग यंत्राचे वय विचारले, माझे वय विचारले, आणि काचेच्या कपाटातील एका चकचकीत यंत्राकडे बोट केले. मी वहीतील त्या दोन ओळी दाखवल्या. त्यांनी पाहिल्या नाहीत. निदान उघडून आत तरी पाहावे, असे विनवले. त्यावर त्यांनी हात जोडले. "पूजा की हुई चीज़ है. आज इसको मैं नहीं छेड़ूँगा. दशहरे के बाद लाइए."

त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण परतीच्या रिक्षेत मला वारंवार वाटत राहिले की या गृहस्थांनी यंत्रास नमस्कार केला, माझ्या वयास नमस्कार केला, आणि मी काय सांगत होतो ते सोडून दिले. एकाने मला म्हातारा म्हणून टाळले, दुसऱ्याने पूज्य म्हणून. टाळणे तेच. संताप इतका झाला की घराशी, जवाहर नगरात, उतरताना रिक्षावाल्यास मी विनाकारण खडसावले. तो बिचारा म्हणाला, "बाबूजी, मैंने क्या किया?" मी पैसे मोजून घरात शिरलो.

सव्वातीन झाले. दिवेलागणीआधी अध्याय संपला पाहिजे, आणि त्यास दीड तास लागतो. भाच्याचा पुन्हा दूरध्वनी: ताईचे ओठ सुकले आहेत, ती डोळे मिटून बसली आहे, विचारले तर 'वाचतोय का तो?' एवढेच म्हणते.

आमच्याच वसाहतीत दोन सेक्टर पलीकडे नागपूरच्या एक बाई राहतात. पंचेचाळिशीच्या, वैशाली नगरातील संगणकाच्या एका कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर. गणपतीच्या आरतीस येतात, मला काका म्हणतात. कामाच्या वेळी स्त्रीस त्रास देऊ नये म्हणून सकाळपासून मी त्यांना टाळत होतो. आता लावला.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. दिवसभरात हे प्रथमच घडत होते. मग म्हणाल्या, "काका, त्या दोन ओळी तं वाचा बरं पुन्हा. जशा आहेत तशा."

मी वाचल्या.

"हार्ड ब्लॉक होय म्हणते ना? मग कंपनीचा काही संबंध नाही जी. आणि लिनक्सचाही नाही. तुमचं मशीनच सांगून राहिलं का वायरलेसचं बटण बंद आहे. खरंखुरं, बोटानं सरकवायचं बटण. जुन्या लॅपटॉपच्या काठावर राहते. पाहा बरं."

मी पुढचा काठ पाहिला. डावा पाहिला. नाही म्हणालो.

"उजवीकडे?"

"उजवीकडे मोली आहे."

"मोली म्हणजे?"

"पूजेचा धागा. आज सकाळी बांधला. तीन वेढे आहेत."

मग त्यांनी अतिशय हळू विचारले, "काका, धाग्याखाली काय आहे?"

मी सांगितले की ते मला आज पाहता येणार नाही. उत्तरपूजा उद्या. त्यांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाल्या, "मी सातशिवाय निघू शकत नाही. उद्या सकाळी पाहा तुम्ही. पण ताईंनी पाणी केव्हा प्यायचं, ते आज सांगा मला."

बोलणे संपल्यावर मी देवघरासमोर उभा राहिलो. घटातील अंकुर वीतभर वाढले होते. सकाळपासून ज्यांच्यावर मी रागावलो त्या सर्वांचे चेहरे आठवले, आणि ज्याच्यावर रागवावे असा खरा धनी हातात दूरध्वनी घेऊन देवीसमोर उभा होता. यंत्राने अकरा वाजताच सत्य सांगितले होते. मी ते वाचले, आणि 'अडवले' या शब्दापुढे 'दुसऱ्याने' हा शब्द पदरचा घातला. विद्यार्थ्याने अन्वयात पदरचा शब्द घातला तर मी वही परत देत असे. पाच तास एक अठ्ठ्याऐंशी वर्षांची स्त्री तहानलेली बसली ती माझ्या त्या एका शब्दापायी.

नियमाचे काय करावे? वडिलांनी नियम घालून दिला तो पूजेचा मान राखण्यासाठी. पण वाचणे-ऐकणे हाही नियमच, आणि तो अगोदरचा. मग मी पळी-पंचपात्र घेतले, आचमन केले, संकल्पात स्पष्ट सांगितले की या एका साधनाची उत्तरपूजा आज, बहिणीच्या निमित्ताने, मी करीत आहे, आणि न्यूनाधिक ते माझ्या माथी. यंत्रावर अक्षता टाकल्या, पुन्हा यावे अशी प्रार्थना केली, फूल उतरवले.

आता गाठी. कात्री होती, पण ती पूजेत, गंध लावलेली. विळी पूजेत. अडकित्ताही पूजेत. त्यांची उत्तरपूजा झालेली नव्हती. म्हणून नखांनी सोडवू लागलो. कुंकवाचे पाणी लागून सूत वाळून कडक झाले होते. पहिली गाठ सुटावयास दहा मिनिटे लागली, दुसरीस तितकीच. बोटांची टोके लाल झाली. तिसरी सुटली आणि वेढे सैल पडले, तेव्हा उजव्या काठावर भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी एक काळी कळ दिसली. धागा ओढून घट्ट करताना मीच ती पुढे सरकवली होती आणि वर तीन वेढ्यांचे पांघरूण घातले होते. नखाने मागे सारली. टक असा आवाज झाला. कोपऱ्यात पंख्याचे चिन्ह उमटले.

भाच्याने जोडणी उचलली तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. पडद्यावर ताई दिसली. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. भाच्याने खांद्यास हात लावला. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि तो मोठा आवाज आला.

"कुठं होतास रे सकाळपासून?"

मी ओठ ठळक हलवून सर्व सांगितले. धागा, गाठी, कळ. काही लपवले नाही. ती लक्ष देऊन पाहत होती. मग म्हणाली, "मुंजीत तुला लंगोटीची गाठ धड मारता येत नव्हती. मी मारून दिली. आज बरी जमली तुला."

भाचा मागे तोंड फिरवून हसला. मला हसू आले नाही. मी म्हणालो, "ताई, क्षमा कर."

"ते नंतर," ती म्हणाली. "वाच आता. तहान लागलीय."

मी वाचले. घाई केली नाही; घाईने वाचलेले तिला ओठांवरून कळत नाही. बाहेर ऊन भिंतीवरून वर चढत गेले. फलश्रुतीची शेवटची ओवी संपली तेव्हा येथे अजून दिवा लावावा लागला नव्हता. तिने हात जोडले, आणि भाच्याने पुढे केलेले भांडे दोन्ही हातांत धरून, मला दिसेल असे, सावकाश सगळे पाणी प्याली. मग मी माझ्या तांब्यातले प्यालो. ऐकणाऱ्याआधी वाचणाऱ्याने पिऊ नये असा नियम नाही, पण आचमनापलीकडे पाणी घ्यावयाचे माझ्याही दिवसभर लक्षात राहिले नव्हते.

दोन दिवसांनी कंपनीचा संदेश आला: आमच्या सेवेस किती तारे द्याल? मी त्यांना दोन पानी पत्र लिहिले. त्यात मान्य केले की दोष त्यांचा नव्हता. आणि तरीही लिहिले की ज्याचा दोष नाही त्यानेही प्रश्न ऐकून घ्यावा, कारण त्या बाईंनी केवळ दोन ओळी पुन्हा वाचावयास सांगितल्या होत्या, आणि तेवढे अकरा वाजता कोणीही करू शकला असता. उत्तर आले नाही. माझा राग तो एवढाच उरला आहे, आणि तो मी सोडू इच्छित नाही.

वहीत त्या आज्ञेखाली आता तांबड्या शाईने नवी ओळ आहे: 'प्रथम स्वतःचा हात पाहावा.' रिक्षावाला मात्र पुन्हा भेटला नाही. रिक्षात बसलो की अजूनही चालकाचा चेहरा पाहतो.

यंदाची नवमी आठ दिवसांवर आहे. मोली आणून ठेवली आहे; ती झाकणाच्या वरच्या बाजूस, एक वेढा, सैल बांधीन. ताई आज पहिल्या अध्यायास बसली होती, आवाज थोडा क्षीण, पण लक्ष पूर्ण.

वाचकहो, ज्या जगदंबेने त्या दिवशी एक भांडे पाणी वेळेवर पोहोचवले, ती आपल्या घरातील वृद्धांचे कान आणि तरुणांचा धीर सांभाळो. आपल्या उंबरठ्याआत बोलणाऱ्यास ऐकणारा मिळो, कोणी तहानलेले न राहो, आणि आपल्या हातून ज्या गाठी पडतील त्या आपल्याच नखांनी सुटोत.